परिच्छेद सदतीस

सीताबर्डीत, दुसऱ्या माळ्यावर, माझं टायपिंगचं दुकान.
भाडेकरार, शपथपत्रं, मोसमात लग्नपत्रिका,
आणि कित्येक वर्षांतून एखादवेळी
बोरकुटे मॅडमचा अहवाल:
सरकार जिनिव्हाला जे सांगतं
त्याच्या बाजूला ठेवायचा दुसरा कागद.

कूलरच्या वाऱ्यात पानं उडतात.
मॅडम त्यांच्यावर पाण्याची बाटली ठेवतात.
बाटली सरकवून मी वाचतो सरकारचं म्हणणं:
बहुतांश वस्त्यांना. उपलब्ध साधनांच्या मर्यादेत.
टप्प्याटप्प्याने.
हा शब्द टाइप करून पाहा कधी.
एवढ्याशा शब्दात
चारदा अक्षराचा पाय मोडावा लागतो.

एकदा मॅडमसोबत गेलो, फोटो काढायला.
पिवळ्या नदीच्या काठाची गल्ली,
चाळीस घरं आणि एक तोटी.
गोपिकाबाई उकेच्या भिंतीवर कोळशाच्या खुणा,
जमिनीपासून पार छपरापर्यंत.
पाणी आलं तर उभी रेघ, नाही आलं तर गोळा,
गढूळ आलं तर फुली.
'हे काय, मावशी?'
'नळ बसला तवापासून आहे. मले लिवता नाही येत,
मोजता येते.'
'पण काहून ठेवता एवढा हिशोब?'
'कोणी इचारलं तं?'

शब्दमर्यादा होती. चित्रं चालत नव्हती.
त्या भिंतीचं मी टाइप केलं:
पाणीपुरवठा अनियमित आहे.
मॅडमनं चष्मा काढला, पुसला,
म्हणाल्या, अजून एक वाक्य बसेल का?
मी आभाराच्या परिच्छेदातून
'मनःपूर्वक' काढला, 'सर्व' काढला, 'सहृदय' काढला.
तरी बसलं नाही.

सुनावणी दुकानातल्याच कॉम्प्युटरवर पाहिली.
लांबलचक टेबल, कानांत यंत्रं,
प्रत्येकासमोर काचेचा ग्लास, भरलेला.
एका बाईनं विचारलं,
अनियमित म्हणजे नेमकं किती?
शिष्टमंडळानं कागद चाळले.
माहिती मागवून लेखी कळवतो, म्हणाले.
मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या,
जणू इथूनच हात वर करणार,
आणि लाइट गेली.

मग महिन्यांनी निष्कर्ष आले. परिच्छेद सदतीस.
समिती चिंता व्यक्त करते.
मी तो मराठीत मोठ्या अक्षरांत काढला,
गोपिकाबाईला वाचून दाखवायला नेला.

'चिंता करते? कोण?'
'अठरा जण आहेत, मावशी. वेगवेगळ्या देशांतले.'
'चांगलं आहे.' तिनं कागद हातात घेतला,
उलटा धरला, सुलटा केला.
'पाण्याचं काय लिवलं?'
'अनियमित.'
'म्हंजे?'
'म्हणजे... कधी येतं, कधी येत नाही.'

तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं चुकीचे सुटे पैसे देणाऱ्याकडे पाहतात.
'कोणं सांगतलं तुले? मंगळवार आणि शुक्रवार येते.
रात्री तीन वाजता. वीस मिनिटं.
हे पाय.'
आणि बोट भिंतीवरून फिरवलं.
सात-सात खुणांच्या ओळी.
रेघेखाली रेघ, रेघेखाली रेघ,
मधले सगळे गोळे.
एवढी वर्षं एक वार चुकला नव्हता.
आम्ही भिंतीचा फोटो काढला होता,
वाचली नव्हती.

'त्याईले सांगजो,' ती म्हणाली,
'चूक दुरुस्त करा म्हणा.'

परतताना झिरो माइलचा खांब लागला.
गावांची अंतरं कोरलेली आहेत त्याच्यावर,
जिनिव्हाचं नाही.
दुकानात येऊन जुनी फाइल उघडली.
पुढच्या अहवालाला अजून पाच वर्षं.
तरी 'अनियमित'वर कर्सर नेऊन ठेवला,
तो शब्द खोडला,
आणि मोकळ्या जागेत
लुकलुकत राहिलेली ती उभी रेघ
बघत बसलो.
आज मंगळवार होता.